पाळी टोचणे निराळे आणि कानाची कड टोचणे निराळे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

लग्नसराईच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत पारंपरिक दागिन्यांवर एक सचित्र लेख प्रसिद्ध झाला. बुगडी पुन्हा मुलींच्या कानांवर दिसू लागली आहे आणि मुलगेही हौसेने भिकबाळी घालू लागले आहेत, हे वाचून आनंद वाटला. लेखातील माहिती रसाळ होती, छायाचित्रेही सुरेख होती. मात्र शेवटच्या परिच्छेदात, दाबाची, म्हणजे भोक न पाडता कानावर दाबून बसवायची, बुगडी सारखी घसरत असेल तर जवळच्या दुकानात जाऊन कानाच्या वरच्या भागाला एक टोचणी घ्यावी, दोन मिनिटांचे काम आहे, अशा अर्थाचा सल्ला ओझरता दिला होता. हे पत्र त्या सल्ल्याविषयी आहे. टोचायला दोन मिनिटेही लागत नाहीत हे खरे, पण त्यानंतरचे वर्ष कसे जाते हे आमच्या घराने दोनदा पाहिले आहे. एकदा ते वाईट रीतीने पाहिले आणि एकदा बऱ्या रीतीने.

मी कोल्हापुरात राहते आणि एका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहे. आमच्या आजीची मोत्यांची बुगडीजोडी आईकडून माझ्याकडे आली, तेव्हा मी चौपन्न वर्षांची होते. ती फिरकीची बुगडी आहे, म्हणजे मोत्यांच्या गुच्छामागे सोन्याची काडी असून ती कानातून आरपार घालायची आणि मागून मळसूत्र फिरवून बसवायची. आजीच्या दोन्ही कानांच्या वरच्या कडेला त्यासाठी भोके होती. आईने कानाचा वरचा भाग टोचून घेतला नाही, कारण तिच्या तरुणपणी ते गावंढळपणाचे मानले जाई. त्यामुळे आमच्याकडे पुढची चाळीस वर्षे दाबाच्या बुगड्याच वापरल्या गेल्या आणि आजीची जोडी डबीत पडून राहिली. ती जशी घालायची तशीच घालावी या इच्छेने मी आयुष्यात प्रथमच कानाची कड टोचून घ्यायचे ठरवले. तसे करण्यापूर्वी मी जवळजवळ वर्षभर चौकशी केली. त्या सावधगिरीला कारण माझी भाची.

भाची पुण्यात नोकरी करते. अडीच वर्षांपूर्वी एका शनिवारी ती मैत्रिणींबरोबर एका मॉलमध्ये गेली आणि तेथील दागिन्यांच्या एका दुकानात तिने डाव्या कानाच्या वरच्या कडेला गनने टोचून घेतले. दुकानाचे नाव लिहिण्याचा माझा हेतू नाही, कारण जे तेथे घडले ते दुसऱ्या दहा ठिकाणीही घडू शकते. काउंटरवरच्या मुलीने एका बाटलीतून कानावर फवारा मारला, पेनने ठिपका काढला, प्लॅस्टिकच्या गनमध्ये खडा बसवला आणि खटका दाबला. मागची फुलपाखरासारखी पकड कानाला घट्ट चिकटून बसली. सकाळ-संध्याकाळ खडा गोल फिरवत जा आणि स्पिरिट लावत जा, असे सांगून तिला घरी पाठवण्यात आले. खडा फिरवायचा कशासाठी, हे कोणी सांगितले नाही. भाचीनेही विचारले नाही.

चौथ्या दिवशी कान दुखू लागला. पाचव्या दिवशी तिने मला व्हिडिओ कॉल केला, तेव्हा कानाची वरची घडीच नाहीशी झालेली दिसली. आपल्या कानाच्या कडेला जी वळलेली किनार असते, ती सुजेमुळे पूर्ण भरून निघाली होती आणि कान गुलाबी रंगाच्या पुरीसारखा फुगला होता. मागची पकड सुजेत रुतून दिसेनाशी झाली होती. एक गोष्ट त्याच वेळी माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ मला कळला नव्हता. खालची पाळी अगदी नेहमीसारखी होती, तिच्यावर ना लाली होती ना सूज. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सांगितले की हीच या दुखण्याची ओळख. कूर्चेच्या, म्हणजे कानाला ताठपणा देणाऱ्या लवचीक भागाच्या, आवरणाला संसर्ग झाला की जेथे कूर्चा आहे तेवढाच कान सुजतो. पाळीत कूर्चा नसते म्हणून ती सुटते.

वाचकांनी हे पत्र वाचता वाचता स्वतःच्या कानाला हात लावून पाहावा. पाळी चिमटीत धरली तर ती मऊ लागते, कारण तीत चरबी आणि तंतू असतात आणि रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. बोटे वर सरकवली की काहीतरी ताठ, पण वाकणारे हाताला लागते. ती कूर्चा. तिच्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही अंगांना एक पातळ आवरण चिकटलेले असते आणि त्या आवरणातून झिरपून येईल तेवढ्या पोषणावर ती जगते. म्हणून पाळीची जखम सहा ते आठ आठवड्यांत बरी होते आणि कडेची जखम भरायला सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत काळ लागतो. जंतू आत शिरले तर त्यांच्याशी लढायला रक्तातील पेशी आणि औषध दोन्ही तेथे उशिरा आणि थोड्या प्रमाणात पोहोचतात. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठला की आवरण सुटते, कूर्चेचे पोषण तुटते आणि ती मरते. मेलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही. तिच्या जागी चिवट, वेडावाकडा वण धरतो आणि कान चुरगळल्यासारखा होतो. कुस्तीगिरांचे कान पाहिलेल्या कोल्हापूरकरांना मी अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाही. तेथे कारण माराचे असते, येथे पुवाचे असते, पण कूर्चेची गत एकच होते.

भाचीने पहिल्यांदा घराजवळच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी त्वचेवरच्या फोडाला देतात ते नेहमीचे प्रतिजैविक पाच दिवसांसाठी दिले. त्यात त्यांचा निष्काळजीपणा होता असे मी म्हणणार नाही, पण ते औषध येथे उपयोगाचे नव्हते. कानाच्या कूर्चेत बहुतेक वेळा जो जंतू सापडतो त्याचे नाव स्यूडोमोनास एरुजिनोसा. तो पाण्यात, ओलसर जागी, नळाच्या तोंडाशी सुखाने राहतो आणि रोजच्या वापरातील कित्येक प्रतिजैविकांना दाद देत नाही. त्याच्यासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीची किंवा शिरेतून द्यायची निराळी औषधे लागतात. ही पाच दिवसांची दिरंगाई भाचीला महाग पडली. नवव्या दिवशी तिला रुग्णालयात दाखल करून कान उघडावा लागला, पू काढावा लागला आणि त्याबरोबर मेलेल्या कूर्चेचा नखाएवढा तुकडाही काढावा लागला. आज तिच्या डाव्या कानाच्या वरच्या टोकाला खाच आहे आणि तिच्याभोवतीची किनार आत मुडपलेली आहे. ती केस मोकळे सोडते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्यावरच ही वेळ आली असे तिला वाटत होते. मी वाचू लागले तेव्हा कळले की हुबेहूब हाच प्रकार अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात २००० साली घडला होता आणि त्याचा सविस्तर शोध घेऊन २००४ साली तो वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला होता. तेथेही दागिन्यांचा एक ठेला होता. थोड्याच आठवड्यांत तेथे टोचून घेतलेल्यांपैकी सात जणांच्या कानात हा जंतू निश्चितपणे सापडला आणि आणखी अठरा जणांबद्दल तसा संशय होता. ते सात जण दहा ते एकोणीस वर्षे वयाचे होते. चौघांना रुग्णालयात राहावे लागले, काहींचे कान कायमचे बिघडले. बहुतेकांना सुरुवातीला जे औषध मिळाले ते या जंतूवर चालणारे नव्हते, म्हणजे तेथेही तेच. जंतू कोठून आला याचा माग काढला तेव्हा तो निर्जंतुक करण्यासाठी ठेवलेल्या फवाऱ्याच्या बाटलीतच सापडला. ज्याने स्वच्छता करायची तेच दूषित होते. त्याच ठेल्यावर पाळी टोचून घेतलेल्यांना मात्र कड टोचलेल्यांच्या मानाने कितीतरी कमी त्रास झाला. हे वाचल्यापासून काउंटरवर उभी असलेली कोणतीही फवाऱ्याची बाटली पाहिली की ती कधी धुतली असेल, हा प्रश्न माझ्या मनात येतो. बँकेत तपासणी विभागात काढलेल्या वर्षांचा हा परिणाम असावा.

गनविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. गनमध्ये सुई नसते. दागिन्याचीच काडी स्प्रिंगच्या जोराने कानातून पार केली जाते. ती काडी सुईइतकी धारदार नसते, म्हणून ती कापत जाण्याऐवजी रेटत जाते. यामुळे कूर्चेला तडे जातात असे पिअर्सिंग करणारे व्यावसायिक ठामपणे सांगतात. परंतु नेदरलँड्समध्ये मृतदेहांच्या कानांवर निरनिराळ्या पद्धतींनी टोचून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा गन आणि सुई यांनी कूर्चेला केलेल्या इजेत फारसा फरक आढळला नाही. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा गन म्हटली की कूर्चेचा चुरा झालाच, असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. गनवर माझे जे आक्षेप आहेत ते वेगळे आहेत. पहिला म्हणजे प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात, घालता येत नाही, कारण १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत ती वितळेल. स्पिरिटचा बोळा फिरवणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. आता काही ठिकाणी एकदा वापरून टाकून द्यायच्या बंद कुप्या गनवर बसवतात, ती सुधारणा निश्चितच आहे, पण आपल्या गल्लीतील दुकानात ती आली आहे की नाही हे विचारल्याशिवाय कळत नाही. दुसरा आक्षेप दागिन्याच्या काडीला आहे. ती पाळीच्या मापाने आखूड केलेली असते. कडेला सूज येणार हे ठरलेलेच असते आणि सुजेला जागा नसली की मागची पकड मांसात रुतते. भाचीच्या कानात नेमके तेच झाले होते. तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आक्षेप गनला नसून गन धरणाऱ्या हाताबद्दल आहे. खटका दाबायला शिकण्यासाठी एक दुपार पुरते. त्यामुळे ज्याला पाळी आणि कूर्चा यांतील भेद ठाऊक नाही असा माणूसही कोणाच्याही कानाच्या कोणत्याही भागावर तो दाबू शकतो.

आपल्याकडे म्हणच आहे की सोनारानेच कान टोचावेत. सांगण्याचा अधिकार असलेल्या माणसानेच सांगावे, या अर्थाने ती आपण आता वापरतो आणि मूळ कान विसरून जातो. पण ही म्हण तयार झाली ती अनुभवातून. बाळाचे कान टोचायला सोनार घरी येई. सोन्याची बारीक तार एका टोकाला घासून अणकुचीदार केलेली असे. पाळी बोटांत चोळून सैल करत तो बोलता बोलता तार पार करी आणि पक्कडीने पीळ देऊन तिचीच बाळी करून टाकी. त्या तारेत सोने बहुतांश असे, त्यामुळे निकेलने खाज सुटण्याचा प्रश्नही सहसा येत नसे. मऊ तार सैल बाळीच्या आकारात राही, म्हणून सुजेलाही जागा मिळे. आमच्या आजीची वरची भोकेही गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, एका सोनाराने अशाच तारेने केली होती. भोक मोठे व्हावे म्हणून तिने पुढे कित्येक महिने कडुनिंबाची काडी घातली होती, असे ती सांगे. जुने ते सगळे निर्दोष होते असे मात्र मी म्हणणार नाही. आजीच्या बरोबरीच्या एका बाईंच्या कानाची कड वर आवळल्यासारखी दिसे. आम्ही मुली त्यांना मागून हसत असू. ते काय होते, हे मला आता कळते.

याहून जुनी गोष्ट सुश्रुताची आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कान टोचण्यावर आणि फाटलेला कान सांधण्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. बालक सहा-सात महिन्यांचे झाले की त्याला मांडीवर घेऊन, खेळवत, डाव्या हाताने कान ओढून धरावा आणि मागून सूर्यकिरण पडले की जी जागा आपोआप उजळून दिसते तेथेच उजव्या हाताने हळूहळू, सरळ रेषेत टोचावे, असे त्यात सांगितले आहे. चुकीच्या जागी टोचून शिरेला इजा झाली तर कोणते उपद्रव होतात हेही सांगितले आहे. पाळ पातळ असेल तर सुईने आणि जाड असेल तर आरीने, म्हणजे जाड टोच्याने, टोचावे, भोकात तेलाची वात ठेवावी आणि दर तीन दिवसांनी ती अधिकाधिक जाड करत न्यावी, इतका तपशील तेथे आहे. उजेडात पाळ धरून पाहायची, कारण ज्यातून प्रकाश आरपार येतो ते मांस मऊ आणि पातळ असते. आपण संस्कार म्हणून कर्णवेध जपला, पण त्यातले उजेडात कान पाहणे सोडून दिले, असे मला वाटते.

आता माझ्या कानाविषयी. भाचीवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या ओळखीने मी कोल्हापुरातच एका कान-नाक-घसा तज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पहिल्या भेटीत टोचले नाहीच. मधुमेह आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, पूर्वीच्या कोणत्या जखमेवर किंवा लशीच्या जागी वण फुगून वाढला होता का, घरात कोणाला तसा त्रास आहे का, हे सगळे त्यांनी विचारले. शेवटचे दोन प्रश्न किलॉइडसाठी होते. किलॉइड म्हणजे जखमेची हद्द ओलांडून पसरत जाणारा कठीण वण. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत तो अधिक आढळतो आणि कान ही त्याची आवडती जागा आहे. नुसता कापून काढला तर तो बहुधा पुन्हा वाढतो. ज्यांच्या अंगावर असा एक जरी वण आहे, त्यांना मी हे काम करून देत नाही, असे बाईंनी स्पष्टच सांगितले. नियमित रक्तदान करत असाल तर आता वर्षभर थांबावे लागेल, हेही त्यांनी सांगितले. हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्या भेटीत मी आजीची बुगडी बरोबर नेली. आम्ही ती आरशासमोर कानावर धरून पाहिली, कारण बुगडीचे भोक थोडे खाली गेले तर मोत्यांचा गुच्छ पुढे कलंडतो आणि थोडे वर गेले तर काडी किनारीच्या घडीत अडकते. जांभळ्या शाईचा ठिपका दोनदा पुसून तिसऱ्यांदा पक्का झाला. सुई पोकळ होती, बंद पाकिटातून माझ्यासमोर काढलेली, जाडी १.२ मिलिमीटर. बाईंनी कान बीटाडीनने पुसला आणि ते वाळू दिले. भूल हवी का असे विचारले, पण भुलेच्या औषधाने कान फुगून ठिपक्याची जागा हलते आणि तीही शेवटी एक सुईच, म्हणून मी नको म्हटले. मग श्वास सोडायला सांगून त्यांनी सुई पार केली. दुखणे पाळीपेक्षा जास्त, पण दातांच्या डॉक्टरांकडच्यापेक्षा कमी. विलक्षण वाटला तो आवाज. वाळकाची फोड दाताखाली यावी तसा एक बारीक ‘करकर’ आवाज डोक्याच्या आतून आला. कान हेच ऐकण्याचे इंद्रिय असल्याने त्याला स्वतःला भोक पडताना ऐकू येते, याची मला आधी कल्पना नव्हती. सुईच्या पाठोपाठ टायटॅनियमची काडी आत गेली. तिचा मागचा भाग सपाट चकतीसारखा होता आणि लांबी मुद्दाम जास्त ठेवली होती. सुई टोकदार वस्तूंसाठीच्या पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात पडली.

टायटॅनियम हा शब्द नवा वाटेल, म्हणून कारण सांगते. बाजारातल्या स्वस्त खड्यांच्या काडीत बहुधा निकेल असते आणि ताज्या जखमेत निकेल राहिले की ज्याला कधी त्रास नव्हता त्यालाही जन्मभराची ॲलर्जी जडू शकते. युरोपीय देशांनी १९९४ सालीच यावर निर्बंध घातले. आज तेथे टोचलेल्या भोकात घालायच्या काडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा नियम आहे. शस्त्रक्रियेत हाडांत बसवतात त्या दर्जाचे टायटॅनियम मागून घेतले की ही चिंता राहत नाही. आजीचे २२ कॅरेट सोने चांगलेच, पण बुगडीच्या मळसूत्राच्या आट्यांत मळ साठतो. ताज्या जखमेत ती नको, हे मलाही पटले.

पुढचे अकरा महिने फार कंटाळवाणे होते आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही. दिवसातून दोनदा नॉर्मल सलाईनने कान भिजवायचा. ते औषधांच्या दुकानात मिळते. घरी मीठ-पाणी करताना आपण हटकून खारट करतो. लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ हे त्याचे खरे माप आहे. स्पिरिट नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, हळद-तेलाचा लेपही नाही, कारण लेपाखाली पपडी भिजत राहते. काडी फिरवायची तर नाहीच. पपडी फोडून ती भोकात ओढली जाते, म्हणजे जखम रोज नव्याने होते. भाचीला नेमके हेच करायला सांगितले होते. त्या कुशीवर झोपायचे नाही हे सांगायला सोपे आहे. मी प्रवासात मानेला लावतात ती पोकळ उशी आणली आणि कान तिच्या मधल्या जागेत ठेवून झोपले. त्याच कारणाने बाईंनी एका वेळी एकच कान टोचला, नाही तर झोपायला कूस उरत नाही. केस विंचरताना फणी अडकते, पदर अडकतो, टॉवेलचा धागा अडकतो, दुचाकीवरचे हेल्मेट काढताना ब्रह्मांड आठवते. सहाव्या आठवड्यात सूज उतरल्यावर लांब काडी काढून आखूड घातली गेली. ते केले नाही तर लांब काडी हलत राहून भोक तिरके होते. चौथ्या महिन्यात, पावसाळ्यात, काडीशेजारी वाटाण्याच्या अर्ध्याएवढी लालसर गाठ आली आणि मला किलॉइडची धास्ती बसली. ती निव्वळ घर्षणाची गाठ निघाली आणि मोबाइल दुसऱ्या कानाला लावू लागल्यावर महिनाभरात बसली. अकराव्या महिन्यात गुजरीतल्या सोनाराने आजीच्या बुगडीची झिजलेली काडी बदलून भोकाच्या मापाची नवी करून दिली. ती आता माझ्या उजव्या कानात आहे. डाव्या कानाचे अजून धाडस होत नाही.

माझा आग्रह कोणी टोचून घेऊ नये असा मुळीच नाही, कारण मी स्वतःच घेतले आहे. आक्षेप आहे तो पाळी आणि कड यांना एकाच दरपत्रकात, एकाच गनखाली आणि एकाच सूचनेत बसवण्याला. गेल्या वर्षी चौकशीसाठी मी कोल्हापुरातील आणि पुण्यातील मिळून सात ठिकाणी गेले. त्यांपैकी पाच ठिकाणी वरच्या भागाला गन वापरतात, असे मला काउंटरवर हसतमुखाने सांगण्यात आले. एका ठिकाणी तर वरचे भोक घेतल्यास खालचे फुकट होते. एकाच दुकानदाराने, तेही सत्तरीच्या जुन्या सोनाराने, वरचे आम्ही करत नाही, डॉक्टरकडे जा, असे सांगितले. इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ च्या एका कायद्याने कान टोचणाऱ्यांची आणि त्यांच्या जागेची नोंदणी करण्याचा अधिकार स्थानिक पालिकांना दिला आहे. आमच्या महापालिकेच्या आरोग्य विभागाने एवढे मोठे पाऊल लगेच उचलावे अशी माझी अपेक्षा नाही. पण गन ठेवणाऱ्या प्रत्येक दुकानाने ‘येथे फक्त पाळी टोचली जाते’ असा फलक लावावा, एवढे तरी सराफ संघटना आपल्या सभासदांना सांगू शकतील. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. घरोघरच्या डॉक्टरांनाही नम्र विनंती आहे की वरचा कान सुजलेला आणि पाळी शाबूत असलेला रुग्ण समोर आला, तर पाच दिवसांची गोळी देऊन वाट पाहण्याऐवजी त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे.

आणि आपल्या पुरवणीने बुगडीचे मोठे छायाचित्र छापताना ती ज्या कानावर आहे त्याबद्दलही चार ओळी छापाव्यात, ही माझी मागणी आहे. दाबाच्या बुगडीला त्या लेखात दुय्यम ठरवले होते, तेही मला पटले नाही. चांगल्या सोनाराने दाब नीट बेतला तर ती दिवसभर घसरत नाही. लग्नात एक दिवस बुगडी घालू इच्छिणाऱ्या मुलीने त्यासाठी वर्षभर कुशीवर न झोपण्याचे काहीच कारण नाही. आमच्या भाचीचे लग्न येत्या मार्गशीर्षात आहे. तिच्यासाठी दाबाची जोडी केली आहे, पण डाव्या कानाच्या मुडपलेल्या कडेवर दाब धरत नाही, म्हणून सोनाराने त्या बुगडीला बारीक वेल जोडून ती केसांत अडकवण्याची सोय केली आहे. हे पत्र लिहिताना मी तिला विचारले, तेव्हा नाव न देता तिच्या कानाचे छायाचित्र छापायला हरकत नाही, असे तिने स्वतःहून सांगितले. ते या पत्रासोबत जोडले आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोल्हापूर